माझे उंदीर आणि परबांचा कौल

नोकरीत असताना मी उंदरांना आधी पांगळं करत असे आणि मग पुन्हा चालतं करायचा प्रयत्न करत असे. पहिलं काम मला उत्तम जमायचं. दुसरं अधूनमधून. या उद्योगासाठी परळच्या एका संशोधन संस्थेने मला टेबल दिलं, पंखा दिला, पुढे एसी दिला आणि निवृत्त होताना शाल-श्रीफळही दिलं. त्या समारंभात आमच्या संचालकांनी माझ्या संशोधनाचं वर्णन ‘मूलभूत’ असं केलं. आमच्या क्षेत्रात ज्याचा कुणालाही काही उपयोग झालेला नाही अशा कामाला आदराने मूलभूत म्हणतात.

माझा विषय न्यूक्लिअर रिसेप्टर्स. मेंदू आणि मज्जातंतूंना सूज येते, त्या सुजेत या रिसेप्टर्सचा काय हात असतो, हे मी शोधत होते. गिरगावात, फणसवाडीत, आमच्या बिल्डिंगमध्ये मात्र ‘न्यूक्लिअर’ हा एकच शब्द पोचला. वाडीतली वीज गेली की शेजारचे काका गॅलरीत येऊन आधी माझ्याकडे बघायचे. लग्नाच्या वयात एका स्थळाकडून तर विचारणा आली, की मुलीच्या अंगात किरणं वगैरे नाहीत ना. आईने त्यांना चहासुद्धा न देता घालवलं. मी लग्न केलं नाही ते काही यामुळे नाही, पण नातेवाइकांना हे कारण अजून सोयीचं वाटतं.

तर आता एवढं वाचलंच आहे तर दोन मिनिटं कळ काढा, काय असतं ते सांगते. आपल्या रक्तातून काही रसायनं निरोप घेऊन हिंडत असतात. बहुतेक निरोप पेशीच्या दारातच घेतले जातात. पण काही निरोपे दाराशी थांबत नाहीत, थेट आत शिरतात. स्टेरॉइड हा त्यातला एक. अ आणि ड जीवनसत्त्व, काही प्रकारची चरबी हे दुसरे. आत त्यांची वाट बघत काही प्रथिनं बसलेली असतात, ते माझे रिसेप्टर. निरोप हातात पडला की ते पेशीच्या केंद्रकात, म्हणजे न्यूक्लियसमध्ये, कामाला लागतात आणि कुठला जीन चालू करायचा, कुठला बंद, हे ठरवतात. म्हणून ते न्यूक्लिअर. बॉम्बचा आणि विजेचा काही संबंध नाही.

या रिसेप्टर्सच्या अनेक कामांपैकी एक म्हणजे सूज आवरणं. बोटात काटा गेला की बोट सुजतं, लाल होतं, ते चांगलंच आहे. शरीराचे शिपाई तिथे धावून गेलेले असतात. पण कधी कधी हेच शिपाई डोकं फिरल्यासारखे आपल्याच मेंदूवर, आपल्याच डोळ्याच्या नसेवर चालून जातात. तेव्हा कुणीतरी ‘पुरे आता’ म्हणावं लागतं. ते म्हणणारे हे रिसेप्टर. कंपवातात, विस्मरणाच्या आजारातसुद्धा आत कुठेतरी सूज धुमसत असते असं दिसून आलं, आणि आम्हा सगळ्यांना वाटायला लागलं की योग्य रिसेप्टर जागा केला की झालंच काम. कागदावर तर ते झालेलंच होतं.

कागदावरून उंदरावर यायचं म्हणजे असं. उंदराला एक इंजेक्शन द्यायचं, त्याने त्याचे शिपाई बिथरतात. काही दिवसांनी शेपूट लुळं पडतं, मग मागचे पाय ओढायला लागतो. मग काहींना माझं नवं औषध द्यायचं, काहींना नुसतं पाणी, आणि तुलनेसाठी काहींना स्टेरॉइड. स्टेरॉइडवाले हमखास उठून चालायला लागत. माझं नवं औषध दरवेळी स्टेरॉइडच्या मागून धापा टाकत यायचं. कधी कधी ते पाण्याच्याही मागे असायचं, पण ते निबंधात जरा वेगळ्या शब्दांत लिहितात.

एकदा मला भलतीच हुक्की आली. माशांच्या तेलातली चरबी यातल्या एका रिसेप्टरला जागं करते असं वाचनात आलं होतं. परदेशातून शुद्ध तेल मागवायला वर्ष गेलं असतं. मी म्हटलं, समुद्र दाराशी असताना परदेश कशाला? मी सरळ कफ परेडच्या मच्छीमार नगरात जाऊन एका कोळीणबाईंकडे मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, काळजाचं तेल मागितलं. त्यांनी विचारलं कुणाला आजार आहे, आणि मी खरं उत्तर दिलं. उंदरांना मारायला काय काय नेणारी माणसं त्यांनी पाहिली होती, उंदरांना ताकद यावी म्हणून तेल नेणारी बाई पहिलीच, असं त्या शेजारणीला म्हणाल्या, माझ्या देखत. पुढचे काही आठवडे संस्थेत आमच्या मजल्यावर कुणी डबा उघडेना, इतका वास सुटला होता. उंदरांना मात्र तेल फार आवडलं. प्रयोगाच्या शेवटी ते सगळे लठ्ठ आणि पांगळे होते.

या सगळ्यात माझ्यावर निस्सीम विश्वास असलेला एकच माणूस संस्थेत होता, आणि ते म्हणजे आमच्या प्राणिगृहातले परब. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, दाणा-पाणी बघणं आणि माझ्या उंदरांना रोजचं औषध तोंडावाटे पाजणं हे त्यांचं काम. हात इतका हलका, की उंदीर त्यांच्या मुठीत झोपून जायचा. परब लालबागचे. वडील गिरणीत होते, गाव कुडाळकडचं. चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा त्यांना त्यात घर मिळालं, तेव्हापासून ते लिफ्टला नावं ठेवत सतराव्या मजल्यावर राहतात. लुळं शेपूट पुन्हा ताठ झालेलं पहिल्यांदा दिसलं की ते मला फोन करून सांगायचे, ‘बाई, उठला बघा.’ कुठल्या गटातला उठला हे ते सांगत नसत. तो स्टेरॉइडचाच असणार हे मला माहीत असे. पण परबांच्या लेखी उंदीर बाईंनी उठवला.

आम्ही दोघंही एकाच वर्षी निवृत्त झालो. त्यानंतर दीडेक वर्षाने परबांच्या मुलीची, स्नेहलची, गोष्ट घडली. मला ती माझ्या सबंध नोकरीतली शेवटची केस वाटते, जरी तेव्हा मी नोकरीत नव्हते आणि ती उंदीर नव्हती.

स्नेहल दादरला साड्यांच्या एका दुकानात कामाला आहे. चटपटीत पोरगी, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून कितीची साडी काढायची ते ओळखणारी. एक दिवस एका गिऱ्हाइकाने कुंकवासारखा लाल शालू मागितला. हिने काढून दिलेला शालू त्यांना पसंत पडला, पण बिल करताना हीच म्हणाली, ‘ताई, हा लाल नाही हो, विटकरी आहे, घरी जाऊन परत आणाल.’ गिऱ्हाईक म्हणे लाल, ही म्हणे विटकरी. मालक मध्ये पडले. तेव्हा हिच्या लक्षात आलं, की उजवा डोळा झाकला तर शालू लाल दिसतोय आणि डावा झाकला तर विटकरी. घरी येऊन तिने हे हसत हसत सांगितलं. चार-पाच दिवसांत उजव्या डोळ्यासमोर धुकं आलं आणि डोळा फिरवला की ठणकायला लागला.

परबांनी डॉक्टरच्या आधी मला फोन केला. त्या एका क्षणी मी आयुष्यात पहिल्यांदा उपयोगाचं काहीतरी बोलले. म्हटलं, आजच्या आज परळच्या मोठ्या हॉस्पिटलात न्या, चष्म्याच्या दुकानात नाही. तिथे निदान झालं. डोळ्याच्या नसेला सूज. आजाराचं नाव लांबलचक आहे, एमएसचं, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसचं, चुलत भावंड समजा. तिचेच शिपाई तिच्याच नसेवर चालून गेले होते. सलाइनमधून स्टेरॉइडचे मोठे डोस दिले, आणि आठवड्याभरात धुकं विरलं. परब पेढे घेऊन फणसवाडीत आले. म्हणाले, ‘तुमचंच औषध, बाई.’ मी सांगायचा प्रयत्न केला की ते माझं नव्हे, मी जन्मायच्या आधीपासून आहे. पण तोंडात पेढा असताना माणसाला नीट ‘नाही’ म्हणता येत नाही.

त्यानंतर गोळ्या. रोज सकाळी, कित्येक महिने, आणि हळूहळू कमी करत न्यायच्या. मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी परबांना बजावून सांगितलं होतं, की मध्येच सोडल्या तर सूज उलटून येईल, आणि या खेपेला दोन्ही डोळे जाऊ शकतील. ते परबांनी ऐकलं, परबवहिनींनी ऐकलं, स्नेहलने ऐकलं. पण गोळ्यांचे दुसरे गुण रोज आरशात दिसत होते. चेहरा पुरीसारखा फुगला. गालावर पुटकुळ्या आल्या, ओठावर लव आली, भूक अशी की दुपारचे दोन डबे संपायचे. आणि स्नेहलचं लग्न ठरलेलं होतं, मार्गशीर्षात, डोंबिवलीच्या मुलाशी. मुलगा भला आहे, त्याची काही कुरकुर नव्हती. कुरकुर आरशांची होती. साडीच्या दुकानात जिकडे वळावं तिकडे आरसा. स्नेहलने गिऱ्हाइकाच्या अंगावर पदर लावून दाखवायचं बंद केलं, कारण तसं करताना आरशात तीही दिसायची.

परबवहिनींनी मला बोलावून घेतलं. लेकीकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘माझ्या चेडवाचा तोंड बघा कसा झालाहा. लग्नात कोण वळखात तरी काय? डोळो बरो झालो मा? मगे गोळ्यो कित्याक?’

आता खरं तर मी एवढंच म्हणायला हवं होतं, की डॉक्टर सांगतात तसं करा. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी मला माझा विषय विचारला होता. मी सोडते होय. लग्नाच्या पत्रिकेचा एक नमुना टेबलावर होता, त्याच्या मागे मी पेशी काढली, केंद्रक काढलं, रिसेप्टरला बाण काढले. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी ग्रंथी काढली आणि सांगितलं, की आपल्या अंगातलं स्वतःचं स्टेरॉइड इथे बनतं. त्याच्यावाचून माणूस जगत नाही. बाहेरून गोळी येत राहिली की ही ग्रंथी म्हणते आपलं काय काम, आणि स्वस्थ बसते. गोळी एकदम थांबवली तर बाहेरचंही नाही आणि घरचंही नाही. सूज उलटण्याचं राहू दे, माणूस बसल्या जागी कोसळतो. म्हणून हळूहळू कमी करायची, ग्रंथीला परत उभं राहायला वेळ द्यायचा.

वहिनींच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तेव्हा मला एक उदाहरण सुचलं, आणि सुचल्यावर माझा मलाच अभिमान वाटला. मी म्हटलं, ‘वहिनी, गिरणीचं बघा. एकदा बंद पडलेली गिरणी काय दुसऱ्या दिवशी भोंगा वाजवून सुरू होते?’

वहिनींनी परबांकडे बघितलं, परबांनी खिडकीबाहेर बघितलं. खिडकीतून जिथे सासऱ्यांची गिरणी होती तिथला मॉल दिसतो. वहिनी शांतपणे म्हणाल्या, की गिरणी परत सुरू झालीच नाही. म्हणजे माझ्याच उदाहरणाने त्यांना पटलं ते असं, की पोरीच्या अंगातली गिरणी कायमची बंद पडायच्या आत गोळ्या थांबवलेल्या बऱ्या. मी बरंच काही सारवासारवीचं बोलले. सगळा वेळ स्नेहल फोनमध्ये बघत बसली होती. परब एकदाच म्हणाले, ‘मी बघितलंय ना सगळं, बाई. मला माहितीय.’ मला वाटलं ते माझी बाजू घेतायत, आणि मला जरा धीर आला.

शेवटी असं ठरलं, की गावच्या देवाला कौल लावायचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कोकणात घरातला मोठा प्रश्न देवापुढे मांडतात. गुरव देवाच्या मूर्तीवर दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि आधी कुठली पाकळी पडते त्यावर उत्तर. उजवी म्हणजे हो, डावी म्हणजे नाही. आम्ही पाठारे प्रभू. आमच्याकडे देवाला उत्तम नैवेद्य दाखवतात, पण प्रश्न विचारून अडचणीत आणत नाहीत. मी कपाळाला हात लावला. पण भांडून काही होणार नव्हतं, तेव्हा मी एवढंच मागितलं, की कौल लावाल तेव्हा मला बोलवा.

पूर्वी यासाठी गावी जावं लागे. आता परबांचे चुलतभाऊ मोबाइल घेऊन देवळात उभे राहतात आणि लालबागला टीव्हीवर देऊळ दिसतं. रविवारी सकाळी मी पोचले तेव्हा टीव्हीसमोर समई लावली होती आणि माझ्यासाठी खुर्ची मांडली होती. कौल होईपर्यंत घरात कुणी काही खाणार नव्हतं. स्नेहल भिंतीला टेकून बसली होती, चेहरा ओढलेला, ओठ सुकलेले. मी मनात म्हटलं, उपास आणि टेन्शन. उंदराचं शेपूट बोटभर खाली आलं तरी दुरून ओळखणारी मी, समोर बसलेल्या मुलीकडे बघून मला एवढंच सुचलं.

गुरवांनी विचारलं, ‘काय इचारूचा हा?’ वहिनी म्हणाल्या, गोळ्या बंद करायच्या का ते विचारा. आणि मी उठले. आयुष्यभर लोकांच्या प्रयोगांत खोड्या काढायची सवय, ती गप्प बसू देईना. मी टीव्हीसमोर जाऊन सांगितलं, की प्रश्नच चुकतोय. प्रश्न असा हवा, की गोळ्या डॉक्टर सांगतील तशा हळूहळू कमी करत न्यायच्या असतील तर उजवा दे, आणि आहेत तेवढ्याच आणखी काही दिवस घ्यायच्या असतील तर डावा दे. एकदम बंद करण्याचा पर्याय मी देवापुढे ठेवलाच नाही. पाकळी कुठलीही पडो, मुलगी सुरक्षित. माझ्या सबंध कारकिर्दीत इतका चोख प्रयोग मी आखला नव्हता, आणि त्याला परीक्षक कोण, तर साक्षात ग्रामदैवत.

गुरवांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘बाये, देवाक इतक्या लांबडा नको. थोडक्यात सांग.’ परब हसले. मी थोडक्यात सांगितलं. गुरवांनी हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. बा देवा म्हाराजा, आज परबांची मंडळी तुझ्या पायांकडे जो काय प्रश्न इचारतत, त्याचो खुलासो कर म्हाराजा. घरातले सगळे एका सुरात म्हणाले, व्हय म्हाराजा. दुसऱ्या वेळी मीही म्हटलं. तिसऱ्या वेळी माझा आवाज सगळ्यांत मोठा होता, असं नंतर मला सांगण्यात आलं. मी नाकारत नाही. प्रयोग कितीही चोख आखला तरी मनातून मला तो उजवाच पडायला हवा होता.

पाकळ्या हलेनात. आम्ही टीव्हीकडे टक लावून बसलो. मग रेंज गेली आणि पडद्यावर गुरव तोंड अर्धवट उघडं ठेवून गोठले. परब मोबाइल हलवू लागले. तेवढ्यात स्नेहल म्हणाली, ‘आई, मला कसंतरीच होतंय,’ आणि उठायला गेली ती समईशेजारीच कोसळली.

अंग गार, कपाळ घामाने चिंब. कुणी म्हणालं उपासाने, कुणी म्हणालं अंगात आलं. मी तिचा हात धरला तर नाडी लागेना. मी कानाशी तोंड नेऊन विचारलं, ‘स्नेहल, गोळी कधी घेतली होतीस?’

‘सोमवारी बंद केल्या, मावशी,’ ती म्हणाली.

म्हणजे आम्ही देवाला जे विचारत बसलो होतो ते तिने आठवड्यापूर्वीच ठरवून टाकलं होतं. त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. लिफ्ट येईना. परबांनी मुलीला उचललं, ज्या हातात उंदीर झोपायचे त्याच हातांत, आणि ते जिन्याकडे धावले, तेव्हा लिफ्ट आली. टॅक्सीत मी तिचे पाय मांडीवर वर धरून बसले होते. मला साधी भीती वाटत होती. हा विषय मी शिकवला आहे, यावर भाषणं दिली आहेत. पण हे असं गार पडत जाणारं पाऊल कधी हातात धरलं नव्हतं.

कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरला मी एका दमात सांगितलं, की कित्येक महिने स्टेरॉइड चालू होतं, सोमवारपासून एकदम बंद केलंय. त्याने विचारलं, तुम्ही डॉक्टर का? मी म्हटलं, हो, पण उंदरांची. त्या पोराचं मोठेपण असं, की तो हसला नाही. त्याने रक्तदाब बघितला आणि सलाइन लावता लावताच शिरेतून स्टेरॉइड दिलं. मग मी पडद्याबाहेर उभी राहून वाट बघितली. माझे रिसेप्टर, ज्यांच्यावर मी आयुष्य घालवलं, ते आत एका मुलीच्या पेशीपेशीत बसले होते आणि इतके दिवस निरोपाची वाट बघत होते. निरोप आता पोचला होता. मला तेव्हा देवही आठवला नाही आणि जीनही आठवले नाहीत. एवढंच वाटत होतं, की पोचू दे, वेळेत पोचू दे.

पोचला. दुपारपर्यंत स्नेहल उठून बसली आणि वडापाव मागायला लागली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी येऊन दोन्ही डोळे तपासले आणि नजर शाबूत आहे म्हणाले. मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी वहिनींना खूप सुनावलं, आणि वहिनींनी पदराने डोळे पुसत सगळं ऐकून घेतलं. लग्न मार्गशीर्षातच होईल आणि नवरी जशी असेल तशी उभी राहील, असं डोंबिवलीच्या मुलाने येऊन सांगून टाकलं. मध्येच गावाहून चुलतभावांचा फोन आला, की रेंज आली आणि पाकळी पडली, उजवी. त्यांना बिचाऱ्यांना इकडचं काहीच माहीत नव्हतं. परबांनी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

संध्याकाळी वॉर्डाबाहेरच्या बाकावर परब आणि मी चहाचे कागदी कप घेऊन बसलो होतो. मी विचारलं, ही पोरगी शहाणी आहे, डॉक्टरांनी एवढं बजावलं होतं, मग हिच्या मनात हे आलं कुठून? परबांनी कप बाकावर ठेवला.

‘मीच सांगितलं तिला,’ ते म्हणाले. ‘आईला न कळता बंद कर म्हटलं, काही होत नाही. बाई, तुमच्या स्टेरॉइडच्या गटाला मी रोज पाजायचो. मग तुम्ही सांगायचात, आजपासून बंद. एकदम बंद. दुसऱ्या दिवशी मी पिंजरा बघायचो, सगळे टुणटुणीत. एकदा नाही, इतकी वर्षं बघितलंय. म्हणून तर त्या दिवशी म्हटलं, मला माहितीय.’

मी विचारलं, ‘आणि त्याच्यानंतर, परब?’

परबांनी माझ्याकडे बघितलं. औषध बंद केल्याच्या दुसऱ्याच दिवशी प्रयोग संपायचा आणि उंदरांचे मेंदू तपासणीला जायचे. पिंजरे माझ्या टेबलापर्यंत आणून द्यायचे आणि रिकामे परत न्यायचे, ते परबच.

‘त्याच्यानंतर ते नसायचेच की, बाई,’ परब म्हणाले. मग ते बाकावरून उठलेच. ‘म्हणजे मी पोरीला...’

‘नाही परब,’ मी म्हटलं, ‘तुम्ही बघितलंत तेवढं खरं सांगितलंत. त्याच्या पुढचं मीसुद्धा कधी बघितलं नव्हतं.’